‘आधी कळले असते तर’ : बेथानीच्या घरातील धडा

शास्त्रपाठ : योहान ११:१-४४
सोबत वाचावयाचे भाग : ईयोब २:११-१३; यशया ३८:१-५; योहान १९:२५-२७; फिलिप्पैकरांस २:२५-२७; २ तीमथ्य ४:२०
मुखपाठ : योहान ११:२५, २६
पाठाचा हेतू : स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ज्यांची माणसे गेली त्यांच्या मनावरील दोषाचे ओझे वचनाच्या उजेडात पाहणे, आणि अशा घरी मंडळीने काय करावे हे शिकणे.



स्वादुपिंडाच्या कर्करोगाने माणूस गेले, की त्या घरात एक वाक्य मागे राहते : ‘आधी कळले असते तर!’ भेटायला येणारेही तेच विचारतात. इतके दिवस कळले कसे नाही? मोठ्या डॉक्टरांना का दाखवले नाही? विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, परंतु प्रत्येक प्रश्नासरशी घरच्या माणसांच्या डोक्यावर एक एक दगड चढत जातो.

हा पाठ आम्ही पुस्तकावरून लिहीत नाही. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते ह्याच आजाराने प्रभूकडे गेले. पावसाळा सरता सरता त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. आमच्या बेळगाव भागात कावीळ म्हटली की पुष्कळांना दवाखान्याच्या आधी झाडपाला आठवतो. अमक्या गावचे औषध हमखास लागू पडते, असे कोणी सांगितले आणि आम्हीच त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन गेलो. तीन आठवडे तेल-तिखट बंद, सकाळी काढा, दुपारी उसाचा रस. कावीळ वाढतच गेली. अंगाला खाज सुटली, वजन उतरले, रात्री पाठ धरून ते बसून राहू लागले. मग सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात गाठ होती आणि यकृतावर तिचे ठिपके उमटले होते. नाताळ त्यांनी घरी पाहिला. पुनरुत्थानाचा सण येण्याआधी आम्ही त्यांना मूठमाती दिली.

दफनविधीहून परत आल्यावर वहिनींनी विचारले, “भावोजी, ते काविळीचे औषध आपण घेतले नसते, तर?” आम्ही वीस वर्षे व्यासपीठावरून वचन सांगणारे. त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

१. दोघी बहिणींचे एकच वाक्य

बेथानी हे गाव यरुशलेमेपासून कोसभरावर. मार्था, मरीया आणि लाजर ह्यांचे ते घर प्रभूच्या नेहमीच्या येण्याजाण्यातले. भाऊ आजारी पडताच बहिणींनी प्रभूकडे निरोप धाडला. प्रभू पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते.

मार्था वाटेवर जाऊन भेटते आणि म्हणते की आपण असता तर भाऊ गेला नसता (वचन २१). थोड्या वेळाने मरीया येते. मार्था काय बोलली हे तिने ऐकलेले नाही, तरी तिच्या तोंडूनही तेच वाक्य निघते (वचन ३२). ह्यावरून आपण ताडू शकतो की चार दिवस त्या घरात दोघी बहिणी दुसरे काही बोललेल्या नाहीत. चुलीपुढे तेच, अंथरुणावर तेच.

प्रभूने त्या वाक्याबद्दल दोघींपैकी एकीलाही दटावले नाही. ‘असे बोलणे अविश्वासाचे आहे’ असे तो म्हणाला नाही. ज्या घरात ‘जर-तर’ चालू आहे, त्या घरी जाणाऱ्या प्रत्येक पाळकाने व वडिलाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

२. आजाराविषयी खरे काय ते

सत्य आपल्याला मोकळे करते असे आपण शिकवतो. मग वैद्यकातील सत्यालाही भिऊ नये.

स्वादुपिंड हा सुमारे सहा इंच लांबीचा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे खोल दडलेला असतो. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन तयार करणे, ही त्याची कामे. तेथे गाठ झाली तर ती सुरुवातीला हाताला लागत नाही आणि पुष्कळ दिवस दुखतही नाही. भूक मंदावणे, अपचन, थकवा, पाठदुखी ही तिची लक्षणे तर आपणा सर्वांना केव्हा ना केव्हा होतच असतात. गाठ डोक्याकडील भागात असेल तर तेथून जाणारी पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ होते. शेपटाकडील भागात असेल तर बहुधा तेवढीही सूचना मिळत नाही. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी लक्षणे नसतानाही तपासणी करून घेता येते. तशी सर्वसाधारण माणसांसाठी ह्या आजाराची तपासणी आजही नाही. म्हणून निदान होते तेव्हा शंभरातील पंधरा-वीस जणांवरच शस्त्रक्रिया करता येण्याजोगी असते. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात सुमारे तेराच आहेत.

गोव्यातील आमच्या वाचकांना मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांची आठवण असेल. २०१८ साली त्यांचा आजार सुरू झाला. मुंबई, अमेरिका, दिल्ली येथे उपचार झाले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना त्यांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला, आणि १७ मार्च २०१९ रोजी वयाच्या ६३व्या वर्षी ते गेले. तेथे डॉक्टर कमी पडले नाहीत आणि साधनेही कमी पडली नाहीत. तेव्हा ज्या घरात साधने थोडी होती, त्या घराने ‘आम्ही गरीब म्हणून आमचे माणूस गेले’ असे मनाशी घेऊन बसू नये.

ह्याचा अर्थ निष्काळजी राहावे असा नव्हे. कावीळ झाली, विशेषतः न दुखता झाली आणि खाज सुटली, लघवी गडद व शौच फिकट होऊ लागले, तर झाडपाल्यात दिवस न घालवता सरळ डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह निघाला आणि वजनही उतरू लागले, तर डॉक्टरांना तसे सांगावे. धूम्रपान करणाऱ्यांना ह्या रोगाचा धोका सुमारे दुपटीने असतो, हे तरुण संघात उघड बोलावे. एकाच घरात दोघांतिघांना हा आजार झाला असेल तर बाकीच्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वहिनींना घेऊन आम्ही पुढे त्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, “यकृतावर गेलेला आजार तीन आठवड्यांत तिथे गेलेला नसतो, ताई. तुम्ही आल्या दिवशी आला असता तरी मी हेच सांगितले असते.” परंतु त्यांनी हेही सांगितले की पित्तनलिकेत स्टेंट घातल्यावर खाज थांबली, ती तीन आठवडे आधी थांबवता आली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जी चूक झाली तेवढी प्रभूपुढे कबूल करावी व तिची क्षमा घ्यावी. जी झालीच नाही तिचे ओझे जन्मभर वाहू नये.

३. चार दिवसांचा हिशेब

आता शास्त्रपाठाकडे परत येऊ. योहान १०:४० वरून दिसते की प्रभू त्या वेळी यार्देनेच्या पलीकडे होता. तेथून बेथानीस येण्यास साधारण एक दिवसाची वाट धरू. निरोप्याला पोहोचण्यास एक दिवस, प्रभू तेथे राहिला ते दोन दिवस (वचन ६), आणि येण्यास एक दिवस, मिळून चार दिवस. लाजराला कबरेत ठेवूनही चारच दिवस झाले होते (वचन १७). म्हणजे निरोप्या निघाला त्याच दिवशी, बहुधा तो वाटेत असतानाच, लाजराने प्राण सोडला असावा. प्रभू निरोप मिळताच निघाला असता तरी तो पोहोचेपर्यंत भाऊ कबरेतच असता.

मार्था व मरीया हा हिशेब मांडत बसल्या नाहीत. दुःखात कोणालाही तो सुचत नाही. प्रभूनेही तो मांडून दाखवला नाही. परंतु आपण आज तो मांडू शकतो. बहिणींचे ‘आपण असता तर’ हे वाक्य प्रेमाचे होते, पण निरोप धाडण्यात त्यांनी उशीर केला हा दोष त्यात नव्हता. पुष्कळ घरांतील ‘जर-तर’ असेच असते. ते प्रेमातून निघते, आणि माणूस त्याला अपराध समजतो.

४. प्रभू स्पष्ट बोलला

वचन ११ ते १४ वर्गात सावकाश वाचावे. लाजर झोपला आहे, असे प्रभू आधी म्हणाला. शिष्यांना वाटले, झोप लागली म्हणजे बरा होईल. तेव्हा प्रभूने उघड शब्दांत सांगितले की लाजर मेला आहे. गोड शब्दाने घोटाळा होतो असे दिसताच त्याने तो बाजूला ठेवला.

आपल्या घरांतून ‘त्यांना सांगू नका हं’ ही पद्धत अजून आहे. आजारी माणसाला बहुधा सर्व कळलेले असते, आणि घरच्यांना दुखवायचे नाही म्हणून तोही न कळल्याचे सोंग करतो. ह्या आजारात हाती दिवस थोडे असतात. ते दोन्ही बाजूंच्या सोंगात जातात. यशयाने हिज्कीया राजाला घरची व्यवस्था करावयास स्पष्ट सांगितले (यशया ३८:१). राजा रडला, त्याने प्रार्थना केली, आणि देवाने त्याला आयुष्य वाढवूनही दिले. म्हणजे सत्य सांगणे हे प्रार्थनेच्या आड येत नाही. प्रभूने स्वतः वधस्तंभावर असताना आपल्या आईची सोय लावली (योहान १९:२६, २७).

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. अण्णा काही बोलू लागले की आम्ही त्यांना थांबवीत असू. “अण्णा, तसले काही मनात आणू नका, प्रभू तुम्हाला उठवणार आहे,” असे म्हणून लगेच प्रार्थनेला डोळे मिटत असू. एके संध्याकाळी ते म्हणाले, “तू प्रार्थना कर रे, पण आधी माझे ऐकून घे.” मग त्यांनी पतपेढीच्या कर्जाचे सांगितले. मुलीचे ठरलेले लग्न आपल्यासाठी पुढे ढकलू नये असे सांगितले. कुंपणाच्या भिंतीवरून अकरा वर्षे बोलणे बंद असलेल्या चुलतभावाला बोलावून घ्यायला सांगितले. तो आला. दोघांनी चहा घेतला. भिंतीचे नावही निघाले नाही. अण्णांना त्या रात्री झोप लागली. आम्ही ज्या बोलण्याला अविश्वास समजत होतो, ती त्यांची विश्वासाने केलेली तयारी होती.

रोग्यावर माहिती लादू नये. “तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे?” असे त्यालाच विचारावे, आणि तो बोलू लागला की आपण गप्प बसावे.

५. प्रभूची आसवे आणि प्रभूचा संताप

आपण लाजराला उठवणार हे प्रभूला ठाऊक होते (वचन ११). तरीही मरीयेला रडताना पाहून त्याला रडू आले (वचन ३५). ज्याला शेवट ठाऊक आहे तोही रडतो, तर ‘विश्वासणाऱ्याने रडू नये’ हे शिक्षण आपण कोठून आणले?

वचन ३३ व ३८ मध्ये प्रभूच्या मनाच्या खळबळीसाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यात संतापाची छटा आहे. कबरेपुढे उभा राहून प्रभू मरणावर संतापला. म्हणून ‘देवाला चांगली माणसे आवडतात, म्हणून तो लवकर नेतो’ असे आपण म्हणू नये. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो (१ करिंथकरांस १५:२६). शत्रूला शत्रूच म्हणावे.

अण्णांच्या आजारात बाहेरगावचे एक उपदेशक घरी येऊन गेले. जाताना वहिनींना म्हणाले की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे, म्हणून प्रार्थना अडते. त्या माउलीने पुढे तीन दिवस अन्न घेतले नाही. अशांनी पौलाचे पत्र वाचावे. एपफ्रदीत मरणोन्मुख झाला होता, तो बरा झाला (फिलिप्पैकरांस २:२७). त्रफिमाला मात्र पौलाने मिलेत येथे आजारी ठेवून पुढची वाट धरली (२ तीमथ्य ४:२०). प्रेषित तोच, विश्वास तोच. बरे होणे ही देवाची देणगी आहे, आपल्या विश्वासाची मजुरी नव्हे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशी मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. तोंड उघडल्यावर ते चुकले.

६. धोंड आणि पट्ट्या

मेलेल्याला हाक मारून उठवणे हे प्रभूचे काम. ते त्याने केले. परंतु धोंड बाजूला करण्यास त्याने लोकांना सांगितले (वचन ३९), आणि बांधलेल्या पट्ट्या सोडण्यासही लोकांनाच सांगितले (वचन ४४). लोकांना जमण्यासारखे काम त्याने लोकांकडेच ठेवले. मंडळीचे काम ह्या दोन वचनांत आहे.

आजार चालू असताना पहिली धोंड म्हणजे वेदना. ह्या रोगात पोट व पाठ फार दुखते, आणि ते सोसणे म्हणजे वधस्तंभ वाहणे अशी आपल्यात चुकीची समजूत आहे. सिसिली सॉन्डर्स ह्या ख्रिस्ती डॉक्टरबाईंनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. मरणासन्न माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी सर्व मिळून असते, आणि ती सर्व बाजूंनी हलकी करता येते, असे त्यांनी शिकवले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले, आणि पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याची शाखा झाली. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन मिळविणे कठीण झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनने रोगी व्यसनी होईल ही भीती बाळगू नये. अन्न पचत नसेल तर जेवणाबरोबर घेण्याच्या पाचक एन्झाइमच्या गोळ्या असतात. त्यांविषयीही डॉक्टरांना विचारावे.

माणूस गेल्यावर पट्ट्या सोडण्याचे काम येते. बेथानीत सांत्वन करणारे चौथ्या दिवशीही घरात होते. आपल्याकडे स्मरणाची उपासना आटोपली की येणे-जाणे थांबते. बँकेची कागदपत्रे, पेन्शनचा अर्ज, विम्याचे फॉर्म ह्यांसाठी मंडळीतील जाणत्या माणसाने सोबत जावे. स्त्रीमंडळाने पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धासारखा जड जाणारा वर्षाचा दिवस वहीत टिपून ठेवावा, आणि त्या दिवशी कोणी तरी जाऊन बसावे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला भिऊ नये. घरच्यांना ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे असते.

७. मग आशा कोणती?

लाजर उठला, पुढे केव्हातरी तो पुन्हा मरण पावला असेल. म्हणून बेथानीचा चमत्कार हे आपल्या आशेचे चिन्ह आहे, तिचा पाया नव्हे. पाया वचन २५ मध्ये आहे. मार्था शेवटल्या दिवसाच्या पुनरुत्थानाविषयी बोलत होती. प्रभूने तिची नजर त्या दिवसावरून आपल्याकडे वळवली, कारण पुनरुत्थान त्याच्या ठायी आहे. आणि हे त्याने कबर उघडण्याआधी सांगितले. मार्थेने आपला विश्वास कबूल केला तोही भाऊ कबरेत असतानाच (वचन २७). आपण आज त्याच ठिकाणी उभे आहोत. कबर बंद आहे, आणि ज्याच्या हाती तिची किल्ली आहे तो आपल्याजवळ आहे.

वहिनी अजून कधी कधी तोच प्रश्न विचारतात. आम्ही आता उत्तर देण्याची घाई करीत नाही. चहा ठेवतो, बसतो, आणि अण्णांविषयी बोलतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

वर्गातील मुलाचे आजोबा किंवा आई गेली असेल तर ‘ती झोपली’, ‘गावाला गेली’, ‘देवाने नेली’ असे सांगू नये. लहान मूल मग झोपायला भिते, किंवा देवावर रुसते. ‘ती फार आजारी होती, डॉक्टरांनी पुष्कळ केले, पण तिचे शरीर थांबले, ती मेली. ती प्रभूजवळ आहे. तुला रडू आले तर रड, प्रभूही रडला होता,’ एवढे पुरे. हा आजार शिवल्याने किंवा सोबत जेवल्याने होत नाही, आणि मुलाच्या एखाद्या खोडीमुळे झालेला नाही, हेही स्पष्ट सांगावे. मुले हे दोन्ही मनात धरतात आणि बोलत नाहीत.

चर्चेसाठी प्रश्न

१. मार्था व मरीया ह्यांना प्रभूने वेगवेगळ्या रीतीने कसे सांत्वन दिले? दोघींच्या स्वभावाशी त्याचा काय संबंध दिसतो?
२. झालेली चूक आणि मनाने धरलेला खोटा दोष ह्यांतील फरक कसा ओळखावा?
३. आजारी माणसाला सत्य सांगताना आपल्या घरात कोणती अडचण येते?
४. आपल्या मंडळीत गेल्या वर्षी ज्यांच्या घरी मरण आले, त्यांच्याकडे शेवटचे कोण व केव्हा गेले होते?

प्रार्थनेचे विषय : ह्या आजाराने अंथरुणावर असलेले रोगी; त्यांची रात्रंदिवस सेवा करणारी घरची माणसे; डॉक्टर व परिचारिका; आणि ‘आधी कळले असते तर’ हे वाक्य मनात घेऊन रविवारी आपल्या शेजारी बसणारे बंधुभगिनी.